नवरदेवाची मुकी गाडी

जामखेडच्या त्या गल्लीत कुणाचंही लग्न निघालं, की मुलगी कुठली आणि जेवणात काय, याच्याआधी एक गोष्ट ठरलेली असायची. नवरदेवाची गाडी नूरमहंमद चालवणार. नवरदेव हिंदू असो की मुसलमान, गाडी घरची असो की भाड्याची, स्टेअरिंगवर नूरमहंमदच. त्याच्या हातची गाडी वाटेत कधी बंद पडली नव्हती, आणि लग्नाला निघालेल्या नवरदेवानं वाटेत गाडी बदलू नये असं गल्लीतली सगळी म्हातारी माणसं मानत. शेजारचा सहादेव बोहल्यावर चढला तेव्हा त्याला मेटाडोरमधून नूरमहंमदनं नेलं होतं. सहादेवच्या मुलाला जीपमधून त्यानंच नेलं.

मग त्याचा डावा गुडघा गेला. क्लच दाबताना डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले, तेव्हा त्यानं आपला टेम्पो विकला. आधारकाठी आली. त्यानंतर गल्लीतून वऱ्हाड निघालं की नूरमहंमद ओट्यावर काठी टेकून उभा राहायचा, हात हलवायचा आणि गाड्या वळणाआड गेल्या की आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचा. त्याची बायको अख्तरी त्याला त्या दिवशी काही विचारायची नाही.

त्याची नात फलक कॉलेजात शिकवायची. तिनं गेल्या पावसाळ्यात एक जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली, पांढरी, लहानशी. आवाज नाही, धूर नाही, गियर बदलायची भानगड नाही. नूरमहंमदनं तिला फ्रीज म्हणायला सुरुवात केली. सहादेवची बायको बनुबाई तिला मुकी म्हणायची आणि तेच नाव गल्लीत पडलं. महिनाभर म्हाताऱ्यानं तिच्यात पाऊलसुद्धा टाकलं नाही. एके दिवशी फलकनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाली, "दादा, खाली वाकून बघा. हिला क्लचच नाही."

त्यानं वाकून बघितलं. दोनच पेडल. डाव्या पायाला काही कामच नव्हतं. तो बसला, दुखरा पाय हातानं उचलून बाजूला ठेवला आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी पार लांबच्या पुलापर्यंत नेऊन परत आणली. घरी येऊन जेवताना एक भाकरी जास्त मागून घेतली आणि खाता खाता उगाच हसत राहिला. फलकला त्याचं हसू बघून रडू आलं.

तर आता सहादेवच्या नातवाचं, ओमचं लग्न ठरलं. मुलगी बेलापूरची, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. महिना माघाचा. अंगणात ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यात सकाळी हात घालवत नव्हता. सहादेव पत्रिका घेऊन स्वतः आला आणि म्हणाला, "नूऱ्या, तिसरी पिढी हाय. चुकवू नको."

ओमचा चुलता कल्याण मात्र अडून बसला. एवढ्या थंडीत बॅटरीचा काय भरवसा, एवढा लांबचा पल्ला, वाटेत गाडी गार पडली तर सोयऱ्यांत हसं होईल. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. शेवटी तोडगा निघाला. कल्याणची डिझेलची मोठी गाडी मागं मागं राहणार. मुकी थांबली की ओम कल्याणच्या गाडीत बसणार, आणि त्यानंतर चाचांनी कुणाच्या लग्नात गाडीचा हट्ट धरायचा नाही. नूरमहंमदनं ते मान्य केलं. अख्तरीनं ऐकलं आणि चहाच्या कपबशा जरा जोरातच आपटल्या.

फलकनं सगळं आखलं होतं. आदल्या संध्याकाळी गाडी सहादेवच्या अंगणात लावायची, ओट्यावरच्या प्लगला जोडायची, सकाळपर्यंत पूर्ण भरू द्यायची. निघण्याआधी वायर जोडलेली असतानाच हीटर लावून गाडी आतून गरम करायची. म्हणजे पहिली ऊब घरच्या विजेवर, बॅटरीला तोशीस नाही. नूरमहंमदला हे फारच आवडलं. टेम्पोच्या काळात तोही पहाटे इंजिन सुरू करून ठेवायचा आणि शेजारी उभा राहून चहा प्यायचा. गाडी तापवल्याशिवाय हलवायची नाही, हा त्याचा नेम. "म्हंजी हिलाबी तापवूनच काडायची," तो खूश होऊन म्हणाला. "मग ही आपल्यातलीच हाय की."

संध्याकाळी ओमला हळद लागली. मग बनुबाईला वाटलं, नवरदेवाची गाडी आहे, तिलाही हळद-कुंकू लावावं, चाकांवर पाणी घालावं. ती तांब्या घेऊन आली. बघते तर भिंतीतून एक जाड काळी वायर निघून गाडीच्या पोटात गेलेली. पाणी आणि वीज एकत्र येऊ द्यायची नाही, एवढं तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं बटण बंद केलं, वायर दोन्हीकडून काढली, नीट गुंडाळून खिळ्याला अडकवली, तिलाही हळद-कुंकवाची दोन बोटं लावली आणि मनोभावे पूजा केली. नंतर आत गाणी लागली आणि बनुबाई नाचायला गेली. फलकही नाचत होती. चार्जिंग तुटल्याचा निरोप आलेला फोन तिच्या पर्समध्ये होता.

पहाटे फलक आली तेव्हा गाडीवर दव होतं आणि वायर खिळ्यावर. ती मटकन ओट्यावर बसली. बॅटरी तीन चतुर्थांशसुद्धा भरली नव्हती. बनुबाईला कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "पानी घालत हुते गं. करंट बसंल म्हून काडली. पुन्ना लावायची असती व्हय?" तिला कोण काय बोलणार? नूरमहंमदनं स्वतः वायर जोडली आणि म्हणाला, वैनी, करंट बसला असता तर नवरदेवाला सुतक आलं असतं, तुमी बरंच केलं.

आता हाती होता तो वेळ ओमच्या आवरण्याचा. त्या दिवशी करवलीची, म्हणजे ओमची बहीण संस्कृती हिची, वेणी तीनदा विस्कटली आणि तीनदा घातली, आणि फलकनं मनातल्या मनात त्या वेणीचे आभार मानले. तोवर आत हीटर चालू होता, वायर जोडलेली होती, काचेवरचं दव विरत होतं. नूरमहंमदनं चारी टायरांवर काठी मारून बघितली. त्याला आवाज बद्द वाटला. फलकनं मोजलं, तर खरंच हवा कमी होती. थंडीत ती बसतेच, आणि बसलेल्या टायरवर गाडी जास्त वीज खाते. डिकीतला छोटा पंप काढून तिनं हवा भरली. मग ओम आला, शेरवानीत, हातात लिंबू खोचलेली कट्यार, आणि थंडीनं दात वाजत असलेला.

पुढं नूरमहंमद आणि फलक. मागं मध्ये ओम, एका बाजूला संस्कृती, एका बाजूला सहादेव, आणि सहादेवच्या मांडीवर घोंगडी. फलकनं वायर काढली. गाडी हलली तरी मागच्यांना कळलं नाही. ओट्यावरून अख्तरीनं हात हलवला तेव्हा ते निघाल्याचं समजलं.

गाव सुटलं तसं नूरमहंमदचं वय उतरायला लागलं. पूर्वेला तांबडं फुटत होतं, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, तिच्यावर धुक्याचा पट्टा. त्याचे हात स्टेअरिंगवर सैल होते आणि दुखरा पाय बाजूला खुशाल पडून होता. आरशात कल्याणची मोठी गाडी दिसत होती. नूरमहंमदनं एका एसटीला मागं टाकलं, मग दुधाच्या एका टेम्पोला. मुकी अशी सरसर पुढं जायची की त्याला हसू फुटायचं. सहादेव मागून सारखी शाबासकी देत होता. हीटर मंद चालू होता, सगळे मजेत होते, फक्त फलक पडद्यावरचा बॅटरीचा आकडा बघत होती. आकडा रस्त्यापेक्षा लवकर पळत होता.

तिनं हीटर बंद केला आणि कारण सांगितलं. गाडी चालवायला लागते तीच वीज हीटरला लागते, आणि थंडीत बॅटरी आधीच कमी देते. सहादेवनं घोंगडी उलगडली आणि तिघांच्या पायांवर टाकली. नवी शेरवानी, तिच्यावर काळी घोंगडी, तिच्यातून बाहेर आलेली कट्यार. संस्कृतीनं फोटो काढला. पाच जणांच्या श्वासांनी काच धुरकट झाली, तेव्हा फलकनं जरा वेळ काचेवर हवा सोडली आणि पुन्हा बंद केली. दादांना तिनं वेग कमी करायला सांगितला. त्यानं तो लगेच कमी केला, पण लहान मुलाच्या हातातून खाऊ काढून घ्यावा तसं तोंड करून.

आष्टी गेली, कडा गेलं. ऊन वर आलं. नगरच्या अलीकडं एक लांब उतार लागला आणि नूरमहंमदचा हात, सकाळपासून प्रत्येक उताराला जायचा तसा, आपोआप खाली गेला. त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली. हा त्याचा जुना हुन्नर होता. टेम्पोच्या काळात उतार आला की न्यूट्रल मारायचं, गाडी आपली आपण पळायची, डिझेल वाचायचं. मुकी अलगद घरंगळायला लागली. सहादेवनं ओळखलं. "आजून तसाच हाय रं तू," तो म्हणाला, आणि दोघं म्हातारे पोरांसारखे हसले.

फलक हसली नाही. तिनं गियरच्या गोल बटणाकडं बघितलं. "दादा, न्यूट्रल मारलंत?"

मग तिनं सांगितलं ते नूरमहंमदनं दोनदा विचारून घेतलं. या गाडीत उताराला गियर काढायचा नसतो. पाय नुसता उचलायचा. गाडी स्वतःच स्वतःला आवरते आणि त्या आवरण्यातून वीज तयार होऊन बॅटरीत परत जाते. सकाळी बॅटरी गार असते, तेव्हा ती फारसं घेत नाही, पण आता चालून चालून ती तापली आहे, आता घेईल. न्यूट्रल मारलं की मात्र काहीच परत येत नाही.

"म्हंजी जामखेडापासनं जेवढे उतार आले," नूरमहंमद म्हणाला, "तेवढे मी वाया घालवले?"

"हो," फलक म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

त्याचं हसू मावळलं. ज्या गोष्टीसाठी ड्रायव्हर लोक त्याला उस्ताद म्हणायचे, तीच आज नवरदेवाला रस्त्यात उतरवणार होती. त्याला फार वाईट वाटलं होतं आणि ते लपवायला गाडीत जागा नव्हती. सहादेवनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो नगर येईपर्यंत काढला नाही.

नगरमध्ये चार्जिंगच्या जागी एकच नळी चालू होती आणि पुढं दोन गाड्या उभ्या. त्यांच्यानंतर नंबर लागेपर्यंत बेलापुरात अक्षता पडून पंगती उठल्या असत्या. कल्याणची गाडी शेजारी येऊन थांबली. तो उतरला, त्यानं मुकीचं मागचं दार उघडलं आणि ओमला म्हणाला, चल. आवाजात कुचेष्टा नव्हती. त्याला पुतण्याचं लग्न वेळेवर लागायला हवं होतं, बस्स.

ओम हलला नाही. तो नूरमहंमदकडं बघत होता, आणि नूरमहंमद फलककडं.

"तू सांग," तो तिला म्हणाला. "माज्या डोक्यात डिझेलचा हिशेब हाय, त्यो हितं चालंना. पोचंल का न्हाई?"

फलकनं आकडा बघितला, रस्ता बघितला. सपाट रस्ता असता तर नाही, ती म्हणाली. पण मध्ये विळद घाट आहे आणि तो आपल्याला उतरायचा आहे. हीटर नाही, पळवायचं नाही, आणि न्यूट्रल तर अजिबात नाही. "मग पोचेल. बहुतेक."

"बहुतेक?" कल्याणनं विचारलं.

"बहुतेक."

मग घोंगडीतून सहादेवचा आवाज आला. "दार लाव, कल्याण. गार वारं येतंय."

विळद घाटाचा माथा आला. नूरमहंमदनं पाय उचलला. मुकीला कुणीतरी मागून हळूच धरावं तशी ती आवरली गेली आणि खाली उतरायला लागली. त्याचा डावा हात दोनदा त्या गोल बटणाकडं निघाला. दोन्ही वेळा त्यानं तो परत आणून स्टेअरिंगवर घट्ट दाबला. मागून ट्रक हॉर्न देत होते. त्यांना जाऊ दिलं. आकडा आता खाली सरकायचा थांबला होता. संस्कृती पुढं वाकून तो मोठ्यानं वाचत होती. बारा. वळण आलं. अजून बारा. ओमनं घोंगडी बाजूला टाकली होती. आणखी एक वळण.

"तेरा," संस्कृती म्हणाली. मग तिचा आवाज चिरकला. "तेरा झाला. वाढला."

नूरमहंमदनं आकड्याकडं एकदा स्वतः बघून घेतलं. आयुष्यभर त्यानं गाड्यांना घातलंच होतं. डिझेल घातलं, ऑइल घातलं, झोप घातली, शेवटी गुडघासुद्धा घातला. घेतलेलं परत देणारी गाडी त्यानं आज पहिल्यांदा बघितली. त्याला एकदम मोकळं वाटलं, इतकं की घाट संपूच नये असं झालं.

पण घाट संपला. राहुरी आली, आणि पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस. एरवी नूरमहंमदनं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज तो त्यांच्या मागं शांतपणे चालला, कारण सावकाश जाण्यातच नफा होता. कल्याण मागून सारखे दिवे मारत होता. वेळ चालली होती. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं नवरदेवाची फुलं बघून स्वतःच बाजू दिली आणि मुकी पुढं निघाली. तेवढ्यात पडद्यावर पिवळं चित्र लागलं.

"कासव आलंय," संस्कृती म्हणाली.

फलकनं ओठ चावला. कासव म्हणजे बॅटरी संपत आली, आता गाडी जोर लावणार नाही. तिनं हे सांगायच्या आधीच सहादेवनं हात जोडले. "कासव म्हंजी देऊळ जवळ आलं," तो म्हणाला. "देवाच्या दारात कासवच असतंय की." या गोष्टीवर ओम इतका हसला की कट्यारीचं लिंबू निसटून पायाशी पडलं.

बेलापूरची वेस दिसली. मारुतीच्या पारापुढं परण्यासाठी, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीसाठी, घोडा सजून उभा होता, हलग्या तयार होत्या, मुलीकडच्या बायका आरतीची ताटं घेऊन रस्त्याकडं कान देऊन होत्या. कान देऊन होत्या, तिथंच घोळ झाला. मुकी त्यांच्या पाठीमागून आली आणि पारापाशी थांबली, तरी कुणाला कळलं नाही. इतक्यात कल्याणच्या डिझेलचा आवाज घुमला. हलग्या वाजल्या, फटाके उडाले, आणि सगळ्या ताटांनी कल्याणच्या गाडीला घेरलं. एकीनं तर त्याला टिळा लावायला बोटसुद्धा उचललं.

कल्याणनं काच खाली केली. मग त्यानं मुकीकडं हात केला. "नवरदेव त्या गाडीत हाय," तो म्हणाला. "जामखेडात बसला, हितं उतरतोय. मधी कुटं उतरला न्हाई."

लग्न वेळेवर लागलं. मुकीला पाराशेजारच्या दुकानातून वीज मिळाली. परतीला नवरीसकट तोच घाट चढायचा होता, म्हणून फलकला ती पूर्ण भरलेली हवी होती. वायरीशेजारी खुर्ची टाकून कल्याण बसला होता. मुलीकडची एक मावशी तांब्यात पाणी घेऊन गाडीकडं आली, तशी त्यानं तिला हात जोडून लांबूनच परत पाठवली.

जेवणाआधी मानपान सुरू झाले. नवरीचे वडील ताट घेऊन मांडवात फिरत होते. त्यात नवरदेवाला आणणाऱ्याचा मान होता, टॉवेल, टोपी आणि नारळ. सहादेव आणि नूरमहंमद बसले होते त्या बाकापाशी ते आले. त्यांनी फलककडं बघितलं, कारण गाडी तिची होती हे त्यांना कळलं होतं. मग मागं उभ्या असलेल्या दोन तरण्या पोरांकडं बघितलं. काठी टेकून बसलेल्या म्हाताऱ्यावरून त्यांची नजर सरळ पुढं गेली.

"नवरदेवाचा ड्रायव्हर कोण?" त्यांनी विचारलं.

सहादेव बोलणार होता. फलकनं त्याचा दंड धरून त्याला थांबवलं.

"मी," नूरमहंमद म्हणाला, आणि काठी नातीकडं देऊन त्यानं दोन्ही हात पुढं केले.